रांग नसलेला रस्ता

गौरवीने हात केला आणि गाडी थांबली, यात तिचं काय चुकलं? कोरगावच्या तिठ्यावर सकाळी निळी मिनीबस दिसली की हात करायचा, ही तिची कॉलेजच्या पाच वर्षांची सवय. बसमालक बाबलीने ती बस विकून टाकल्याचं तिच्या कानावर आलं होतं म्हणा, पण सवयीला कान कुठे असतात! जानेवारीचं धुकं होतं, काजूच्या मोहराचा वास सुटला होता आणि शाळेला उशीर होत होता. ती चढली आणि न बघताच डावीकडच्या तिसऱ्या जनेलाकडे, तिच्या नेहमीच्या खिडकीकडे वळली.

तिथे सीट नव्हती. तिथे ओटा होता, ओट्यावर शेगडी होती आणि ओट्याला टेकून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ थर्मासचं झाकण उघडत होते.

"अर्धो की पुरो?" त्यांनी विचारलं.

"अर्धं कसं? शिक्षिका आहे मी!" गौरवी म्हणाली. "एक पुरं. पेडणे हायस्कूल."

स्टीअरिंगवरचा तरुण एवढ्या जोरात हसला की त्याचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी बंद पडली. मग गौरवीने नीट पाहिलं. पडदे, खाट, भिंतीला बिजागरीने लावलेलं मेज, दोरीवर वाळत घातलेला पंचा... आपण बसमध्ये नाही, कुणाच्या तरी घरात शिरलोय! तिचे कान लाल झाले. ती उतरायला वळली.

"बसा बाईनू, उतरू नुको," तो तरुण म्हणाला. "पेडण्याकच चललंव आमी. तिकीट नाय, पण चाय घेऊक व्हयी."

हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. गौरवीने ती पाहिली नाही असं दाखवलं. आणि पुरा कप चहा घेतला.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. गोवा राज्य होऊन सात वर्षं झाली होती, कोकण रेल्वेसाठी पेडण्यात माती उपसली जात होती, आणि अशा वेळी सर्वेश नावाचा हा वेडा चाकांवर घर बांधून बसला होता. तो डिचोलीला खनिजाच्या ट्रकांच्या बॉड्या बांधायचा. ते गृहस्थ त्याचे वडील, भिकाजी. सावंतवाडीकडून तरुणपणी आलेले, आमोण्याला राहणारे, आणि जन्मभर खनिजाचा ट्रक चालवलेले.

"एकतीस वर्सां गाडी चलवलंय मी," भिकाजींनी त्या पहिल्याच दिवशी तिला सांगितलं. "आणि गेलंय खंय? खाणीसून जेटी, जेटीसून खाण. त्यातली अर्धी वर्सां रांगेत. वजनकाट्याक रांग, जेटीर रांग. आता झिलान सांगल्यान, बाबा, चला, तुमका कन्याकुमारी दाखवतंय. मी म्हटलंय, येतंय, पण माजी एक अट आसा. रांगेत गाडी उबी करूची नाय."

"म्हणान मोठां शहर नको," सर्वेश म्हणाला. "शहर इला की सिग्नल, सिग्नल इलो की रांग. त्या रांगांच्या पगारार मी जेवलंय, शिकलंय, बाईनू. आता बाबांक एक मोकळो रस्तो देऊचो आसा. पण तसो रस्तो नकाशात गावत नाय. नकाशे करणारे सगळे शहरातले!"

गौरवीच्या आत काहीतरी हललं. ती पेडण्याला भूगोल शिकवायची. वर्गात ती रोज निलगिरी ओलांडून कन्याकुमारीला पोचायची. स्वतः मात्र काणकोणच्या पुढे कधी गेली नव्हती.

"शनिवारी शाळा अर्धा दिवस असते," ती म्हणाली. "शाळेकडे मोठे नकाशे आहेत. मी... बघेन हवं तर."

मग शनिवारमागून शनिवार निळी बस शाळेसमोरच्या चिंचेखाली उभी राहू लागली. मेज उघडायचं, त्यावर नकाशा पसरायचा, कोपऱ्यावर भिकाजींचा थर्मास ठेवायचा. गौरवी पेन्सिलीने रेघ ओढायची. म्हापसा नको, पणजी नको, मडगाव नको. डिचोलीहून साखळी, उसगाव, मोले, मग सांगे, केपे करत काणकोण. कारवार, होन्नावरपर्यंत समुद्राची सोबत. पुढे मंगळूर टाळायचं म्हणून सागर, तीर्थहळ्ळी, शृंगेरीचं रान. म्हैसूर डावीकडे सोडायचं, कोची उजवीकडे.

"बाईनू, तुमी पेन्सिल धरल्यार डोंगरसुद्धा बाजूक होतत," सर्वेश म्हणायचा.

"डोंगर नाही होत. तुमचं कोपर बाजूला घ्या, त्याच्याखाली वायनाड आहे."

कोपर बाजूला व्हायचं, पण फार लांब नाही. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास असायचा, आणि गौरवीला तो आवडायला लागला होता. ग्रीसचा वास आवडणं हे काही बऱ्याचं लक्षण नव्हे, हे तिला कळत होतं.

शेजारपाजारचे हसायचे. रेल्वे येतेय आणि हे दोघे रेघा मारतायत, नमनालाच घडाभर तेल! ठरलं होतं शिगमो, म्हणजे होळीचा सण, झाला की निघायचं. आणि शिगम्याच्या आदल्या शनिवारी पेन्सिल तेन्काशीला पोचली. तिथून कन्याकुमारी वीतभर. गौरवीच्या एकदम लक्षात आलं, ही वीत संपली की शनिवार संपले.

तिने रबर उचललं.

"हे तीर्थहळ्ळीकडचं बदलायला हवं," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये तिथे हत्ती उतरतात."

सर्वेशने तिच्याकडे पाहिलं. "एप्रिलातच?"

"हो... भूगोलात आहे तसं."

पुढच्या शनिवारी होन्नावरच्या अलीकडचा एक पूल तिने कमकुवत ठरवला. त्याच्या पुढच्या शनिवारी सागरचा रस्ता वाहून गेला. तोही भर उन्हाळ्यात! चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, बोलताना तिचा आवाज चढायचा. पण सर्वेश मान हलवायचा, ती पुन्हा रेघ ओढायची आणि आणखी एक आठवडा हाती लागायचा. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी ही बाई घरी जाताना गाणं गुणगुणत जायची.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी सर्वेश बाजारात पाव आणायला गेला होता. भिकाजींनी चहा ओतला, कप मेजावर ठेवला... आणि तो मेजाच्या कडेबाहेर ठेवला. कप पडला, फुटला. फडक्यासाठी त्यांनी हात लांबवला. फडकं हाताच्या शेजारीच होतं, तरी हात चाचपडत राहिला.

"काका..." गौरवीने फडकं त्यांच्या हातात ठेवलं. "तुम्हाला दिसत नाही?"

"समोरचां दिसता गो बाय. कडेचां गेला." ते हळूच खाटेवर बसले. "काचबिंदू म्हणता डॉक्टर. थेंब दिल्यान, ते घालतंय. गेलला परत येणा नाय, पण आसा तां टिकात म्हणता. किती दिवस, तां तेकाव ठावक नाय."

"आणि सर्वेशना?"

"कळलां तर गाडी ठेवन माका मुंबयच्या हॉस्पितलात नेतलो. परत रांगच! तू काय बोलू नुको. मिरगाआधी निघालंव म्हंजे झाला. मिरग लागलो की पावसाचे चार म्हयने गेले. पुढच्या वर्साचा कोणी सांगूचा?"

गौरवी खाली बसून कपाचे तुकडे गोळा करू लागली. हत्ती, पूल, वाहून गेलेला रस्ता. आपल्या सुखासाठी तिने या माणसाच्या डोळ्यांतले तीन आठवडे चोरले होते. आणि हा माणूस दर शनिवारी तिला पुरा कप ओतून देत होता. आता खरं सांगितलं तर सर्वेशपुढे आपण उघडे पडणार, आणि दोन दिवसांत ही गाडी निघून जाणार. नाही सांगितलं तर... छे! 'नाही सांगितलं तर' असं काही उरलंच नव्हतं.

सर्वेश गरम पावांची पिशवी घेऊन चढला. ती उभी राहिली.

"मी खोटां बोललंय," ती म्हणाली. शाळेचं मराठी कुठच्या कुठे गेलं, तोंडात घरचीच बोली आली. "हत्ती नाय, पुलाकव काय झाला नाय. रस्तो शिगम्याआधीच पुरो झाललो. मीच पुसत रवलंय. आता थांबू नुको. कित्याक तां... काका सांगतले. सांगा काका. माज्यासाठी सांगा."

भिकाजींनी तिच्याकडे एकदा रागाने पाहिलं. मग मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

सर्वेश वडिलांपुढे उकिडवा बसला. "थेंबांची बाटली खंय आसा?" त्याने विचारलं. "आजपासून मी घालतलंय. हॉस्पितल परत इल्यार बघूया. मंगळवारी निघूया, बाबा."

बाटली त्याने स्वतःच्या खिशात ठेवली आणि मग गौरवीकडे वळला. त्याचे डोळे ओले होते, तरी गालाला खळी पडत होती.

"हत्ती कॅलेंडर बघान डोंगर उतरणत नाय, बाईनू, इतक्या माका कळता. त्या रस्त्याची चौकशी मी ट्रकवाल्यांकडे फेब्रुवारीतच केललंय. सगळो रस्तो बरो आसा."

"मग गप कित्याक रवलास?"

"रस्तो पुरो झाल्यार शनिवार खंयसून आणतलंय?" तो हळूच म्हणाला. "चूक एकट्या तुमची नाय. दोघांनी मिळान केल्यांव."

बाहेर चिंचेचा पाला गाडीच्या टपावर गळत होता. गौरवीने पर्स उचलली, दाराच्या पायरीपर्यंत गेली, थांबली.

"येतंय मी," ती म्हणाली.

सर्वेशचा चेहरा उतरला. "बरां... येवा. सांभाळून जावा."

"अहो, निरोप नाय घेतंय!" ती गर्रकन वळली. "येतंय म्हंजे... येतंय! तुमच्याबरोबर. कन्याकुमारीक. आणि मग आमोण्याक, तुमच्या घराकव... तुमका चलात तर."

सर्वेशच्या हातातली पावांची पिशवी तशीच हातात राहिली. "चलात?" तो म्हणाला. "चलात काय विचारतंस, गौरवी!" बाई नाही, बाईनू नाही. पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली, आणि आपलं नाव इतकं चांगलं आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

"रे, बस कर आता," भिकाजी मागून म्हणाले. "गाडी कोरगावाक घे. आधी हिच्या आवशीबापाशीक हात जोडूचे आसत. मंगळवार जमाचो नाय. लग्नाक चार दीस तरी व्हये."

"पण काका, तुमचे डोळे..."

"माजे डोळे चार दीस दम धरतले गो. सून बघल्याबिगर ते खंय जातत?"

गौरवीने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला बराच वेळ उठवेना, आणि डोळे पुसता पुसता सर्वेशला गाडी सुरू करता येईना.