गॅलरीतल्या गाण्याचा धनी

"अहो बाई, हात वर करा! डोक्यावर काय झेलताय?"

लुब्नाने दचकून हात वर केले. कासाब्लांकाच्या स्टेडियमवर रिमझिम चालू होती आणि गॅलरीत माणसांच्या डोक्यांवरून भलंमोठं रंगवलेलं कापड सरकत चाललं होतं. समोरच्यांना त्यात चित्र दिसत असेल. आतल्यांच्या वाट्याला फक्त हिरवट अंधार, ओल्या रंगाचा वास आणि शेजाऱ्यांची कोपरं.

"पण चित्र आहे तरी कशाचं?"

"कोणाला ठाऊक? आपण त्याच्या पोटात आहोत." शेजारचा कुरळ्या केसांचा मुलगा हसला. "मी बद्र. पहिल्यांदाच आलात ना? गॅलरीत छत्री घेऊन कोणी येतं का!"

लुब्ना लाजली. तेवढ्यात ढोल वाजले आणि ते गाणं सुरू झालं... ज्याच्यासाठी ती आली होती.

ती रेडिओवर उमेदवारी करत होती. गॅलरीतलं हे गाणं रस्त्यावर उतरलं होतं. महागाईच्या मोर्चात तेच, बेकारांच्या धरण्यात तेच. एक मंत्री त्याच्यावर चिडून होता, तर एका पुढाऱ्याला ते आपल्या प्रचाराला हवं होतं. लिहिलं कोणी, हे मात्र कोणीच सांगेना. गॅलरीतल्या पोरांचा कायदाच तसा: गाणं गॅलरीचं, ज्याने 'माझं' म्हटलं तो बाहेर. आणि लुब्नाच्या साहेबीण, सकिनाबाई, म्हणाल्या होत्या, "नाव आण, नोकरी कायम."

"आमच्या पोरांना समुद्राने पोसलं..." अख्खी गॅलरी गात होती. लुब्ना बद्रकडे बघत होती. खरं तर मघापासून ती तिकडेच बघत होती. म्हणून तर तिला दिसलं. त्याचे ओठ वेगळे हलले. तो 'पोसलं' म्हणत नव्हता. एवढ्या गर्दीत तो एकटाच म्हणत होता, 'पुसलं'.

त्यानंतर लुब्नाला गोगलगाईंच्या रश्श्याचं भलतंच वेड लागलं. बद्र आपल्या मामाच्या गाडीवर तो विकायचा.

"रोज येतेस. एवढा आवडला रस्सा?"

"तिखट असतो."

"मग?"

"मग... काही नाही." टाचणीने काढता काढता शंखातली गोगलगाय घरंगळून खाली पडली. तो खो खो हसला आणि तिलाही हसू आवरेना. पण मनातला प्रश्न काही स्वस्थ बसू देईना.

"बद्र, 'पुसलं' का म्हणतोस?"

त्याच्या हातातली पळी थांबली.

"माझा थोरला भाऊ कामधंद्यासाठी चोरून समुद्रापार जायला होडीत बसला. पलीकडे पोचलाच नाही. पोसलं कसलं डोंबलाचं! गॅलरीत भोंग्यावरून गाणं सांगणाऱ्या गड्याने माझं अक्षर चुकीचं वाचलं, नि सगळ्यांनी तेच उचललं. आता अख्ख्या गॅलरीला कोण दुरुस्त करणार—"

त्याने जीभ चावली. 'माझं अक्षर' हे शब्द दोघांच्या मध्ये तसेच राहिले.

"मी रेडिओवर काम करते," लुब्ना कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. बॅगेवरचा बिल्ला पहिल्याच दिवशी पाहिला."

"मग मला सांगितलंस कशाला? नाव फुटलं तर पोलीस दाराशी येतील. गॅलरीही तोंड फिरवेल!"

"कारण... त्या शब्दाबद्दल आजवर कोणी विचारलंच नव्हतं गं."

 लुब्ना पैसे द्यायलाही विसरली आणि तडक सकिनाबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"सापडला?"

"नाही."

"तोंडावर तर लिहिलंय की सापडला!"

"सापडला, बाई. पण नाव देणार नाही."

सकिनाबाईंनी चष्मा काढून ठेवला. जागा दुसऱ्या मुलीला गेली. संध्याकाळच्या आत लुब्ना पुन्हा गाडीपाशी होती.

"नोकरी गेली," तिने सांगितलं. "रडू येतंय, पण वाईट वाटत नाहीये. असं होतं का कधी?"

बद्रने चूल मंद केली. त्याचे कान लाल झाले होते.

"नवीन काहीतरी लिहितोय... ते गॅलरीचं नाही हं. याच्याखाली मी नाव घालणार आहे."

"बघू, काय लिहिलंयस?"

"एकच ओळ झालीय. 'लुब्ना, मला तू हवी आहेस.' पुढचं यमक काही केल्या सुचत नाही."

"यमक मी जुळवते," ती म्हणाली, आणि अख्ख्या बाजारादेखत तिने त्याचा रश्श्याने माखलेला हात हातात घेतला.