तिसरा लाल दिवा

“लागू दे लाल दिवा! मी नाही येणार दवाखान्यात. फेक ती डबी खिडकीबाहेर!”

धाकट्याने ताईचा हात आपल्या कानामागून झटकून टाकला. तिच्या हातातल्या डबीवर आज पुन्हा लाल दिवा लागला होता... तीन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी कवटीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता. रोज सकाळी वीस मिनिटं ताईने तो सेन्सर वाचणारी डबी त्याच्या कानामागे अंगठ्याने घट्ट दाबून धरायची. गाठ परत येऊ लागली, तर लाल दिवा! आईवडिलांच्या माघारी ज्याला लहानाचं मोठं केलं, त्याच्यासाठी ताईला हे काय जड होतं? पण याआधी दोनदा दिवा लागला, दोन्ही वेळा तपासणीत काहीच निघालं नाही, आणि दोन्ही वेळा बस चालवायचं त्याचं काम महिनाभर बंद राहिलं.

“मी घरात बसलेलाच बरा वाटतो ना तुला?”

केवढा हा आरोप! ज्या ताईने ‘कंटाळा आला’ एवढंच सांगून शिवणाचं दुकान बंद केलं, तिने हे ऐकावं... तिचं अंतःकरण विदीर्ण झालं. आणि खरं सांगायचं तर, दोन मुस्कटात ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

“बरं बाबा, नको येऊस,” ती म्हणाली. “माझा अंगठा दुखतोय. तो दाखवायला तरी येशील सोबत?”

कुरकुरत का होईना, त्याने लगेच चपला घातल्या.

दवाखान्यात पुकारा मात्र त्याच्याच नावाचा झाला. “फसवलंस!” तो भडकला; तिने त्याला यंत्रापर्यंत अक्षरशः ढकलत नेलं. दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मोहरीएवढा ठिपका होता.

“अगदी वेळेत आलात. काढता येईल.”

नातेवाइकाच्या संमतीचा कागद पुढे आला. ताई सही करायला वाकली आणि पेन बोटांतून निसटलं. एकदा... पुन्हा एकदा... अंगठा वळतच नव्हता.

“ताई! हे कधीपासून?”

“डबी दाबून दाबून... कात्री धरवेना, म्हणून तर दुकान...” तिने चटकन हात पदराआड घेतला.

त्याचे डोळे भरून आले. “डॉक्टर, माझं राहू द्या. आधी हिचा हात बघा!”

“गाढवा, तुझं आधी!” ताई एवढ्यानं ओरडली की नर्स धावत आली.

आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच, कुणीही न सांगता, त्याने “बरं, माझं आधी,” म्हणत आपलं डोकं तिच्यापुढे केलं.