तिसऱ्यावरून दुसरा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मिसाओने शेडमधून गाडी बाहेर काढली. गाडी तिच्या नवऱ्याची, तोकुजीची. हाताने गिअर बदलायची, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, छोटी आणि जुनी. तो ऑक्टोबरात गेला, तेव्हापासून ती पहिल्या गिअरमध्ये तशीच उभी होती, हँडब्रेक न ओढता. उत्तर जपानातल्या इवातेच्या डोंगरात हिवाळ्यात तो कुणी ओढत नाही, गोठून बसतो.

मागच्या सीटवर तिची लेक नात्सुए कळा सोसत पडली होती. बर्फामुळे रुग्णवाहिकेला तास लागणार होता आणि डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं : बाळ पायाळू आहे, घरी होऊ देऊ नका.

"आई, इतक्या हळू गेलो तर बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी तरी पोचू ना?"

"गप. बाबा काय सांगायचे? चार चाकं ओढतात चौघांसारखी, पण घसरताना सगळी एका माळेचे मणी."

घाटमाथ्यावर वारा सुटला आणि वर-खाली, पुढं-मागं सगळं एकच पांढरं झालं. रस्त्याची कड दाखवणारे लाल-पांढरे बाण तेवढे अधूनमधून दिसत. मिसाओ एका बाणापासून दुसऱ्या बाणापर्यंत जात राहिली. उतार लागला. गाडीने वेग घेतला. तिचा पाय ब्रेककडे गेला.

"हं…" कुणीतरी हलकेच म्हणालं.

तिला गाडी शिकवताना दर गिअरच्या आधी तोकुजी असंच म्हणायचा.

"काही बोललीस का गं?"

"मी दात आवळून पडलेय, आई…"

मिसाओने दाबण्याआधीच डाव्या पायाखालचा क्लच खाली गेला. तिच्या हाताखालचा गिअरचा दांडा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला. मग पेडल सावकाश वर आलं, इतकं सावकाश, की चाकांना धक्काही बसला नाही. इंजिन घुमलं, वेग उतरला.

"हं…" आता पहिला.

"इतकं हळू? अहो, पोर जाईल माझी…" ती रडवेली झाली. तिने दांडा मागे ओढून पाहिला. तो अडकला नव्हता. गर्दीत लेकराचा हात धरावा तसा कुणीतरी धरून ठेवला होता.

वळणापलीकडे बर्फ उपसायचं यंत्र रस्त्यात आडवं उभं होतं. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालकाने पांढऱ्याफटक चेहऱ्याने यंत्र वळवलं आणि पुढं राहून त्यांना खाली नेलं.

दवाखान्यात चार पस्तीसला मुलगी झाली. पायांकडून आली आणि खणखणीत रडली.

पाचव्या दिवशी बाळाला घरी न्यायचं, म्हणून मिसाओने गाडी तपासायला गॅरेजवाल्या ओनोदेराला दवाखान्याच्या अंगणात बोलावलं.

"मावशी, क्लचची तार तुटलीय."

"कधी?"

"टोकं गंजलीत. दोन-तीन महिने तरी झाले. पेडल बघा, मेल्यासारखं पडलंय. अशी गाडी घाट उतरते होय? थट्टा करता का गरिबाची?"

तो नवी तार आणायला गेला. मिसाओ एकटीच आत बसली. निपचित पेडलवर तिने पाय ठेवला.

"नात झाली," ती कुजबुजली. "दोघी सुखरूप आहेत. आता तार बसली, की मी नेईन गाडी. तुम्ही… दमला असाल. जा आता."

पेडल तिच्या तळव्याखाली हळूहळू वर आलं.

ओनोदेरा परतला, तेव्हा मिसाओचे दोन्ही पाय त्यावर होते. ती सगळा भार देऊन दाबत होती, आणि पेडल तसूभरही खाली जात नव्हतं.