टाकीतला जिताडा

"तुम्हाला मासे ओळखता येतात?"

मालूनं त्या मुलाला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, बसा नाही, पाणी नाही. रतन बिचारा प्रिंटरची रिबन द्यायला आलेला. मानपाड्याच्या दुकानातून सायकल हाणत कोपरच्या खाडीकाठी, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत. रिबन द्यायची, सही घ्यायची, परत फिरायचं... एवढंच काम. पण दारात उभी राहिलेली मुलगी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू बुडत्याला दोर दिसला.

"मासे?" रतन गोंधळला. "आमच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात माळ. मला पापलेट काय नि बांगडा काय, एकच."

"मग कॉम्प्युटर तरी कळतो?"

"तो थोडा कळतो."

"चला मग. अर्धा तरी उपयोग झाला."

आत गेल्यावर रतननं पडद्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायलाही विसरला. निळ्याशार पाण्यात चौदा मासे पोहत होते. पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे. बाणाच्या जागी एक गळ लोंबत होता, आणि माऊस हलवला की तो गळ दोन श्वास उशिरा हलायचा.

"हे कुणी केलं?"

मालूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सोडलं. मग पुन्हा गुंडाळलं.

"मी," ती म्हणाली. "मासिकाबरोबर सीडी फुकट आलेली. पडदा सजवायची. रोज तोच राखाडी पडदा बघून कंटाळा आलेला हो... सीडी म्हणाली, प्रत्येक कामाला एक मासा निवडा. मी निवडले. वर विचारलं, नावं लपवू का? नावांशिवाय पाणी कसं स्वच्छ दिसलं! म्हटलं, लपव."

"आणि आता?"

"आता दर वेळी भलताच मासा गळाला लागतो, आणि दुसऱ्याला हात लावला की सगळं थिजतं. सकाळपासून पाच वेळा बंद करून चालू केलं. आणि डिझेलची यादी त्यातच आहे."

बासष्ट होड्यांच्या डिझेलची ती यादी. पाचच्या आत ठाण्याच्या कचेरीत पोचली नाही, तर महिनाभर होड्या किनाऱ्याला. आणि मालूचं काय? कोळीवाड्यातली खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिली मुलगी. चेअरमन दामाजीकाकांनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलेलं. तीन महिने परवा भरणार होते. यादी बुडाली की खुर्ची गेली, आणि उद्या पहाटे आई आवडाबाईच्या मागून डोक्यावर मासळीची पाटी. पाटीची तिला लाज नव्हती. पण खुर्ची तिला आवडली होती, अगदी मनापासून.

रतननं खुर्ची ओढली. सीडीबरोबर आलेला माहितीचा कागद वाचला, पुन्हा वाचला, मान खाजवली.

"ऐका. हे सॉफ्टवेअर नुसतं चित्र लावत नाही. पडद्यावर ठेवलेलं सगळं उचलून स्वतःच्या टाकीत घालतं. मी ते आत्ता काढून टाकलं, तर टाकीसकट आतलं सगळं जाईल."

"अगं बाई..."

"आधी यादी बाहेर काढायची. मशीनला जोर कमी पडतोय. चालू केल्यावर एकच मासा बाहेर येईल, दुसऱ्याला हात लावला की थिजणार. तेव्हा पहिला हात बरोबर माशावर पडला पाहिजे. यादीचा मासा कुठला?"

"जिताडा," मालू ताबडतोब म्हणाली.

"जिताडा म्हणजे... तो जांभळा?"

"जांभळा जिताडा! कुठं बोलू नका हे, कोळीवाड्यात हसतील. हे सगळे परदेशी मासे आहेत. मी आपल्यासारखे दिसणारे शोधून ठेवले. पत्रं म्हणजे बोंबील, रोजच लागतात. प्रिंटर म्हणजे चिंबोरी, कागद कसा नांगीत धरतो तसा. आणि यादी सगळ्यात मानाची, म्हणून जिताडा. पाहुणा आला की आम्ही तोच करतो."

रतन हसला. हसताना त्याच्या गालावर खळी पडली, तीही एकाच बाजूला. मालूनं पटकन पडद्याकडे बघितलं.

मशीन पुन्हा चालू झालं. माऊसवर त्याचा हात, आणि पडद्यावर तिचं बोट. दोघांची डोकी इतकी जवळ की तिच्या केसांतला अबोलीचा गजरा त्याच्या कानाला लागला. खिडकीतून भरतीचा वारा येत होता, सुकटाच्या वासाचा.

"तो?"

"ती निवटी."

"मग हा जाडा?"

"अहो, त्याचं तोंड बघा ना, चपटं आहे. जिताड्याची पाठ कशी उंच, पोट रुपेरी, शेपटी गोल... थांबा. शेवाळाच्या मागे आहे. येईल. घाई केली तर बोंबील लागेल हाताला."

"गळ उशिरा हलतोय."

"मग मासा जिथं आहे तिथं नाही, जिथं जाणार तिथं गळ न्या. माझे आजोबा असंच पकडायचे."

रतननं गळ शेवाळाच्या पुढे नेला. मासा शेवाळातून बाहेर आला... आणि टक्!

यादी उघडली. बासष्टच्या बासष्ट नावं. त्यानं ती लगेच फ्लॉपीवर घेतली, मग दुसऱ्या फ्लॉपीवरही. मालूनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. बघत होता म्हणजे... विसरून गेला होता की बघू नये.

बाकीचे मासे एकेक करून बाहेर आले, दर वेळी मशीन बंद, पुन्हा चालू. रिकामी झालेली टाकी काढून टाकली. तीन वाजता राखाडी पडदा परत आला आणि त्याच वेळी दारात दामाजीकाका उभे.

"काय झाला गो पोरी? शिपाई चंदू सांगतो, सकालपासून मशीन बंद हाय."

मालूनं तोंड उघडलं. तेवढ्यात रतन उठला.

"व्हायरस होता काका. बाहेरून येतो. यात कुणाची चूक नसते." आणि हळूच मालूकडे बघून मान हलवली... गप्प राहा.

किती सोपं होतं! नुसतं गप्प राहायचं. मालूनं एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली,

"व्हायरस नव्हता काका. मीच पडदा सजवायला गेले. त्यात यादी अडकली. ह्यांनी काढली."

काका खुर्चीवर बसले. कपाळाला आठी.

"यादी हाय?"

"आहे. छापते आत्ता."

"जल्ला तो व्हायरस!" काका अचानक मोठ्यानं म्हणाले. "तुझ्या आधीचा कारकून दर महिन्याला मना व्हायरस सांगायचा. मी खिडकीला जाली बसवली, मना वाटला डासासारखा येतो! आज कोनी तरी पयल्यांदा सांगितला, मी केलं." ते उठले. "परवाची वाट नको बघू. आजपासून तू कायम. यादी घेऊन ठाण्याला तूच जा. आनि तू रं..." त्यांनी रतनकडे बोट केलं, "चांगला पोरगा दिसतोस, खोटा बोलू नको. तुला जमत पन नाय."

काका गेले. प्रिंटर करकरत नावं छापू लागला. रतनचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला वाचवायला बोललो," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे."

"काका म्हणाले ते बरोबर आहे. मग... दोन खऱ्या गोष्टी सांगून टाकू?"

"सांगा."

"एक. हे सॉफ्टवेअर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. हात कापत होते."

मालू खळखळून हसली. "ते दिसलं मला. दुसरी?"

त्यानं प्रिंटरकडे तोंड फिरवलं.

"मला तुम्ही आवडलात. मासे ओळखायला शिकवत होता तेव्हाही. पण 'मीच केलं' म्हणालात ना... तेव्हा फार. आमच्या घरी माळ, तुमच्या घरी मासळी. अवघड आहे, कळतंय मला. तरी सांगितलं."

मालूनं छापलेली यादी प्रिंटरमधून फाडून घेतली, नीट घडी घातली. बाहेर भरती पुरी झाली होती आणि काठावरच्या होड्या एकेक करून पाण्यावर उचलल्या जात होत्या.

"माझी आई रविवारी सकाळी बाजारात बसते," ती म्हणाली. "मोठ्या आवाजाची आहे, घाबरायचं नाही. तिच्यासमोर येऊन उभा राहा आणि असंच खरं बोल."

"येऊ?" त्याला पटेचना. "खरंच येऊ?"

"ये ना," मालू म्हणाली, "मी बाजूलाच असेन."