शहाण्णव फोटोंचा खेकडा

टेबलावर शाडूचा एक खेकडा होता. नांग्या दोन, चालण्याचे पाय आठ. शेजारी पाण्याची वाटी, एक कोरणी आणि तिवईवर बसवलेला कॅमेरा. कॅमेऱ्यात शहाण्णव फोटो. शाल्मलीने ते दोनदा मोजले होते. तरीही तिची चित्रफीत तीन सेकंदांत संपत होती.

केतकीकडे फोटो होते फक्त चोवीस. तिची चित्रफीत मात्र चांगली आठ सेकंद चालायची, आणि तिचा खेकडा लोण्यावरून घसरल्यासारखा अलगद पुढे जायचा.

केतकी तिची मामेबहीण, सुट्टीत ठाण्याहून पेणला आलेली. शाल्मलीच्या घरी तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना, आणि केतकीने शाडू पहिल्यांदा हातात घेतला त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. तिच्या खेकड्यावर बोटांचे ठसेसुद्धा तसेच होते. तरी काल जेवताना आई म्हणाली, "केतकीचा खेकडा काय सुरेख चालतो गं. शालू, विचार ना तिला, कसं केलं ते."

शाल्मली आमटीभात कालवत बसली.

चंद्रावरच्या वसाहतीत जन्मलेल्या मुलांनी खेकडा कधीच पाहिला नव्हता. पेणच्या बालविज्ञान केंद्रातून त्यांना एकच चित्रफीत पाठवायची होती. कुणाची, ते रविवारी ठरणार होतं. प्रत्येक चित्रफीत तिसरीतल्या वीस मुलांना दाखवायची आणि विचारायचं, 'चालताना खेकडा कोणते पाय एकत्र उचलतो?' जिची चित्रफीत पाहून जास्त मुलं बरोबर सांगतील, तिची चंद्रावर जाणार.

आज गुरुवार होता.

"मापाडी, मला केतकीचंच सॉफ्टवेअर हवंय," शाल्मली म्हणाली.

मापाडी हा कारखान्यातला यंत्रमानव. मूर्तींची उंची आणि मातीचं वजन मोजायचं त्याचं काम.

"का?"

"तिचा खेकडा छान चालतो म्हणून."

"हे केतकीचं कारण झालं. तुझं काय?"

"तू माती मोज ना गप."

"मोजून झाली. चाळीस किलो." त्याने भिंतीवर शाल्मलीची चित्रफीत लावली. खेकडा तुरुतुरु पळत पडद्याबाहेर गेला. "तुझं सॉफ्टवेअर सेकंदाला तीस फोटो दाखवतं. त्यात बदल करता येत नाही. शहाण्णव भागिले तीस?"

"तीन पूर्णांक दोन." तिने मान वर केली. "म्हणजे फोटो कमी नाहीत. ते फार घाईत संपतायत."

"आता हे बघ." दुसरं एक सॉफ्टवेअर होतं. अगदी साधं, पण त्यात वेग आपण ठरवायचा. मापाडीने आधी सेकंदाला चार फोटो लावले. खेकडा अडखळत, थांबत थांबत निघाला. एकेक फोटो वेगळा दिसत होता. मग बारा लावले, आणि खेकडा चालायला लागला. "सेकंदाला दहा-बाराच्या पुढे स्थिर चित्रं आली, की मेंदू ती सुटी मोजत नाही. त्यांची गती करून टाकतो. स्टॉप-मोशन (वस्तू जराजरा हलवून काढलेल्या फोटोंची चित्रफीत) उभी आहे ती एवढ्यावरच."

आठ सेकंद. केतकीइतकीच. तरी शाल्मलीचं समाधान झालं नाही. "पण तिचा खेकडा गुळगुळीत चालतो. तिचं सॉफ्टवेअर लाव."

मापाडीने लावलं. ते होतं भर घालणारं सॉफ्टवेअर (दोन फोटोंच्या मधली चित्रं स्वतः बनवणारं). भिंतीवर खेकडा वाहत गेला, आणि अर्ध्या वाटेवर त्याचे पाय एकमेकांत विरघळले. शाल्मलीने चित्रफीत थांबवून पाय मोजले. नऊ.

"केतकीच्या खेकड्याला असं होत नाही," ती हळूच म्हणाली.

"तू दर फोटोआधी काय करतेस?"

तिने वाटीत बोट बुडवलं आणि खेकड्याच्या पाठीवरून, मग एकेका पायावरून फिरवलं. कारखान्यात सगळे असंच करतात. मूर्तीवर ठसा राहिला तर काम कच्चं समजतात.

"सॉफ्टवेअर आधीच्या फोटोतली खूण पुढच्या फोटोत शोधतं," मापाडी म्हणाला. "केतकीच्या खेकड्यावर ठसे आहेत, ते त्याला सापडतात. तुझे आठही पाय घासूनपुसून एकसारखे. कुठला कुठला, त्याला कळत नाही. खुणा डोळ्यांनाही लागतात, फक्त जरा कमी."

शाल्मलीला हे अजिबात आवडलं नाही. तिने केतकीची चित्रफीत उघडली आणि चूक शोधायचीच म्हणून एकेक चित्र बघत गेली. सापडली. केतकीने दर वेळी पाय जमिनीला टेकल्यावर फोटो काढला होता. पाय उचललेला असा एकही फोटो नव्हता. जे फोटोत नाही, ते सॉफ्टवेअरला कुठून कळणार? त्याने दोन टेकलेल्या पावलांमध्ये सात चित्रं भरली, सगळी सरळ रेषेत. केतकीचा खेकडा पाय उचलतच नव्हता. ते बघून तिसरीतली मुलं काय सांगणार होती?

म्हणजे केतकी हरणार होती, आणि हे फक्त शाल्मलीला माहीत होतं.

दुपारभर तिने ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी केतकी अंगणात बसून खेकड्याचा मोडलेला पाय चिकटवत होती. "शालू, तुझ्या खेकड्याचे पाय किती नाजूक झालेत," ती म्हणाली. "माझे बघ, शेवग्याच्या शेंगा. कितीदा केले, जमतच नाहीत."

शाल्मली तिच्या पाण्याच्या वाटीपाशी टेकली.

"पाय हवेत असतानाचे फोटो काढ," ती म्हणाली. "एका पावलात चार तरी. आणि ते भर घालणारं सॉफ्टवेअर सोड. मापाडीकडे साधं आहे, सेकंदाला बारा लाव."

"इतके सगळे परत काढू?"

"शहाण्णव. दोन दिवस पुरतात."

"आणि हे ठसे? तू पुसून देतेस?"

शाल्मलीचं बोट वाटीपर्यंत गेलं होतं. "राहू देत," ती म्हणाली.

रविवारी केंद्रात निकालाची वाट बघताना तिने पिशवीतून शाडूचा गोळा काढला आणि गोगलगाय करायला घेतली. चंद्रावरच्या मुलांनी गोगलगायही पाहिली नसणार. पाण्याची वाटी तिने आणली नव्हती.

मोजणीसाठी केंद्रात आणलेल्या मापाडीने आकडे वाचले. उजवीकडचा पहिला आणि तिसरा पाय, त्यांच्याबरोबर डावीकडचा दुसरा आणि चौथा, हे बरोबर सांगणारी मुलं: शाल्मलीची चित्रफीत पाहून वीसपैकी सतरा, केतकीची पाहून वीसपैकी अठरा.