वादळघर

आधीच सांगतो, मला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेत निबंधात कायम नापास. जे झालं तेच टाइप करतोय, तुटक तुटक, कारण मधे मधे उठून दार बघून यावं लागतं. हसायचं तर हसा.

मागच्या जानेवारीतली संध्याकाळ. गाव ऑस्बी, मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला. एक चर्च, एक बार, धान्याचं उंच कोठार. मी त्या कोठारावर कामाला आहे. बायको कर्स्टन, मुलगी ब्रिटा, तेव्हा पहिलीत. चर्चमागचं जुनं पांढरं घर आम्ही घेतलं, कारण परवडलं आणि पोरीला शाळेत पायी जाता येतं.

आमच्याकडे शेतावरून येणाऱ्या प्रत्येक पोराचं गावात एक वादळघर ठरलेलं असतं. म्हणजे अचानक बर्फाचं वादळ आलं, बस बंद झाल्या, तर पोराने त्या घरी जायचं. जेवायचं, झोपायचं, रस्ता उघडला की आईबाप नेतात. मी लहानपणी तीन हिवाळे असाच लोकांच्या सोफ्यावर झोपलोय.

म्हणून त्या वर्षी आम्हीपण शाळेत नाव दिलं.

शेजारच्या आर्डिस आजीला सांगितलं. ऐंशी पार, जीभ मात्र अजून धारदार. ती आमच्या घराकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"या घरात होय... बरं. तसं काही वाईट नाही."

आमच्याकडे माणूस मरायला टेकला तरी 'तसं काही वाईट नाही'च म्हणतो. मी लक्ष दिलं नाही.

आमच्या वाट्याला आली जोली. ब्रिटाच्याच वर्गातली, समोरचे दोन दात पडलेली. तिचा बाप रँडी गावापासून बराच लांब गाई सांभाळतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत ऊन होतं.

मग वारा फिरला... आणि समोरचं चर्च दिसेनासं झालं.

बस बंद. कर्स्टन शाळेतून दोन्ही पोरींना हाताला धरून घेऊन आली. मी कोठारावरून कुंपण चाचपत चाचपत घरी पोचलो. चार वाजता अंधार पडला होता.

घरात मस्त ऊब. ओव्हनमध्ये हॉटडिश, म्हणजे एकाच भांड्यात भाजलेला खिमा, वर बटाट्याचे गोळे. पोरी स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते खेळत भांडत होत्या.

"तू बघितलंस माझं पान!"

"नाही बघितलं. तू पानं उलटी धरतेस, त्याला मी काय करू?"

मी हसत होतो.

तेवढ्यात... मागच्या दारावर टकटक झाली.

हळू. आणि खाली. मोठ्या माणसाचा हात पडतो तिथे नाही. कमरेच्याही खाली.

वादळात कोणी दार वाजवलं तर कोण आहे असं आम्ही विचारत नाही. आधी उघडतो, मग विचारतो. इथे सगळे असंच करतात.

मी उघडलं.

कोणी नव्हतं.

नुसता बर्फाचा लोट आत आला. मी जोर लावून दार बंद केलं.

"कोण होतं?" कर्स्टनने विचारलं.

"वारा."

"वारा दार वाजवतो आता? शिकलेला दिसतोय."

आम्ही दोघं हसलो. मागे बघितलं तर पोरींचं भांडण थांबलं होतं. एकदम शहाण्यासारख्या खेळत होत्या. ब्रिटा पत्ते वाटत होती.

एक जोलीला... एक स्वतःला... आणि एक रिकाम्या खुर्चीसमोर.

मला वाटलं, पोरांचा खेळ.

जेवताना कर्स्टनने ताटल्या मांडल्या. आम्ही चौघं. टेबलावर पाच. तिने पाचवी उचलली, स्वतःशीच "वेंधळी" म्हणाली आणि परत ठेवली.

जेवण उरकत आलं होतं आणि पुढच्या दारावर थाप पडली.

ही मोठ्या माणसाची. तीन वेळा. सभ्य.

बंद पडवी ओलांडून मी गेलो. आमच्या दारांना कुलूप नसतं, अख्ख्या गावात कोणाच्याच नसतं. दार उघडलं. पायरीवर माणूस उभा. तपकिरी जाड कोट, कान झाकणारी टोपी, तोंडाला मफलर, भुवयांवर बर्फ. जानेवारीत तोंड कुठे दिसतं? आम्ही टोपीवरूनच ओळखतो एकमेकांना.

"माझ्या मुलीला न्यायला आलोय."

"रँडी? अरे वेडा आहेस का? आत ये आधी!"

"नको. बूट ओले आहेत. तुमची फरशी खराब होईल."

"फरशी गेली खड्ड्यात, ये आत."

"ट्रक चालू ठेवलाय... तिला पाठवा."

मी आत आलो. जोलीला म्हटलं, बाबा आलेत, कोट घाल. ती उड्या मारत उठली.

कर्स्टनने माझा दंड धरला. "वादळ थांबेपर्यंत पोर कोणाला द्यायचं नाही. बापालासुद्धा नाही. नियम आहे."

"अगं, बाप दारात उभा आहे. बापाला नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हण! आणि तो आला कसा? रस्ते बंद आहेत."

"ट्रक आहे म्हणाला."

"मला कसला आवाज नाही आला ट्रकचा."

मलाही नव्हता आला.

आणि फोन वाजला.

"काय म्हणता?" पलीकडून रँडी. "आमची भवानी जेवली का? त्रास तर देत नाही ना?"

मी पडवीच्या दाराकडे वळून बघितलं.

"रँडी... तू कुठून बोलतोयस?"

"घरून. आणि कुठून बोलणार? गोठ्यात जातानासुद्धा वाट चुकू नये म्हणून दोरी बांधून घेतलीय कमरेला. का रे? ठीक आहे ना ती?"

जोली माझ्यासमोर उभी होती. एक हात कोटात, दुसरा बाहेर.

"ठीक आहे," मी म्हटलं. "एकदम ठीक आहे."

फोन कर्स्टनच्या हातात दिला आणि पडवीत गेलो. तो तिथेच होता. दार सताड उघडं, तरी एक पाऊल आत टाकलं नव्हतं. पडवीतला हीटर त्याच्या तोंडावर चालू होता.

भुवयांवरचा बर्फ वितळला नव्हता.

 कसाबसा म्हणालो, "आज... आज मुलगी मिळणार नाही. वादळ थांबल्यावर या."



"बरं," तो म्हणाला. "तसं काही नाही. थांबतो मग."

मी दार लावलं. आतून पोत्यांचा ढीग लावला, पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायचं मीठ होतं, ते. दोन्ही पोरींना मधे घेऊन आम्ही दिवाणखान्यातच आडवे झालो. झोप कसली येतेय?

सकाळी आभाळ निळंशार. बर्फ काढणारी गाडी येऊन गेली. रँडी ट्रॅक्टरवरून आला, पोरीला कुशीत घेतलं, मला म्हणाला, "उपकार झाले बाबा." त्याला मी काहीच सांगितलं नाही.

पायरीवर गुडघाभर बर्फ साचला होता. फक्त एका जागी नव्हता. दोन पावलांएवढी जागा... कोरडी.

पडवीतल्या पायपुसण्यावर छोट्या बुटांच्या दोन जोड्या होत्या.

एक ब्रिटाची.

दुसरी लाल रबराची. आत पावाच्या पिशव्या, पूर्वी पोरांचे मोजे भिजू नयेत म्हणून आया घालायच्या तशा. बूट ओले होते.

"जोली विसरली वाटतं," कर्स्टन म्हणाली. फोन केला. रँडी म्हणाला, तिचे तर पायातच आहेत.

दुपारी आर्डिस आजी वड्यांचा डबा घेऊन आली. पडवीत शिरली आणि तिथल्या बाकावर मटकन बसली.

"मार्लिसचे," एवढंच म्हणाली.

मग हळूहळू बाकीचं निघालं.

लहानपणी मार्लिस आणि आर्डिस आजी एकाच वर्गात होत्या. आमचं घर हे मार्लिसचं वादळघर. तेव्हा इथे दुसरं कुटुंब राहायचं. असंच वादळ, आणि तिचा बाप धडपडत तिला न्यायला आला. त्या घरातल्या लोकांना नाही म्हणवेना. दिली पोर.

"बापाला कोण नाही म्हणणार रे?" आजी म्हणाली.

गावाबाहेर ट्रक खड्ड्यात गेला, बर्फात दोघांची चुकामूक झाली. बाप पोरीला शोधत हिंडत असावा, तो पार नदीकडे सापडला, गोठलेला. पोर मात्र शहाणी. शिकवलं होतं तसं वादळघराकडे परत फिरली. पोचलीसुद्धा.

बर्फ वितळला तेव्हा मिळाली.

मागच्या दाराशी.

"वाजवलं असणार तिने," आजी म्हणाली. "वाऱ्यात कोणाला ऐकू आलं नसणार."

मी मागच्या दाराकडे बघितलं.

मला ऐकू आलं होतं. मी उघडलं होतं. आणि तो दारातला माणूस जोलीला न्यायला आलाच नव्हता. त्याने नाव कुठे घेतलं होतं? माझी मुलगी, एवढंच म्हणाला.

मी त्याची मुलगी त्याला दिली नाही.

बूट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दान-पेटीत टाकले. सकाळी पायपुसण्यावर. ओले. परत टाकले. परत आले. आता तिथेच असतात. कर्स्टन त्यांच्याभोवती पुसून घेते. ब्रिटा पलंगाच्या अगदी कडेला झोपते, जागा सोडून.

या हिवाळ्यात जोलीसाठी दुसरं घर बघायला सांगितलं. मनाशी ठरवलं, पुढच्या वादळात तो आला की दार उघडायचं आणि म्हणायचं, घेऊन जा. इतकी वर्षं शोधतोय बिचारा. मीपण बाप आहे.

गेल्या आठवड्यात वादळ आलं.

अंधार पडता पडता थाप पडली. तीन वेळा. सभ्य.

मी पडवीत गेलो. दाराच्या मुठीवर हात ठेवला. म्हटलंसुद्धा, "आलो."

आणि माझ्या बाजूला काहीतरी हललं.

ब्रिटा. कोट घालून, टोपी घालून. पायात लाल बूट.

"बाबा, बघ. बरोब्बर बसले."

"काढ," मी म्हटलं. मूठ सोडली. "काढ ते आधी!"

"तिने दिले. तिला नाही जायचंय, तिला इथे आवडतं. ती म्हणते, तिच्या बाबांना वादळात तोंड दिसत नाही." ब्रिटाने पाय उचलून दाखवला. "ते फक्त बूट बघतात."

मी पोरीला उचललं आणि आत पळालो. तो वाजवत राहिला. वादळात कोणाला बाहेर ठेवू नये असं लहानपणापासून शिकलोय... मी ठेवलं. उजाडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. दुकानदार म्हणाला, "कशाला रे? तुझं हॉटडिश कोण चोरणार?" मी हसलो. अख्ख्या गावात कुलूप असलेलं घर आता आमचं एकट्याचं.

कर्स्टन म्हणते घर विकू. पण या गावात घेणार कोण, आणि बूट सोबत आले तर?

काल मी ते कुलूप बसवत होतो. ब्रिटा शेजारी बसून बघत होती.

"बाबा, हे लहान मुलांना आतून उघडता येतं?"

"का गं? तुला कशाला हवंय?"

"मला नाही," ती म्हणाली.

"ती विचारतेय."