गच्चीवरचा हिरवा झोत

सबइन्स्पेक्टर हर्षा ठवकर विमानतळालगतच्या सोनेगावातल्या गल्लीत पोचली तेव्हा लोक एका माणसाला लाथांनी तुडवत होते. तिनं दोघांना कॉलर धरून मागे ओढलं, तिसऱ्याच्या पोटरीवर काठी हाणली, तेव्हा कुठे खालचा माणूस दिसला. एक डोळा सुजून मिटला होता. शर्ट रक्तानं माखला होता.

"रजत आहे, मॅडम. कवडूभाऊचा भाडेकरू," कुणीतरी ओरडलं. "यानंच मारलं त्याईले!"

रजतला जीपमध्ये बसवून हर्षा कवडूच्या घराच्या गच्चीवर गेली.

विमानतळावर धावपट्टीचे दिवे दुरुस्त करण्यात कवडू भोयरची सगळी उमर गेली होती. आता तो पाण्याच्या टाकीशी कुशीवर मरून पडला होता. कवटी मागून फुटलेली. जखमेच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखे वळ. उजव्या मुठीत लेझर पॉइंटर.

फोटो झाल्यावर हर्षानं हातमोजा घालून त्याचं बटण दाबलं. टाकीवर हिरवा ठिपका पडला. पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवाच.

सात वाजता, अंधार पडत असताना, याच घरावरून उतरणाऱ्या विमानावर कुणीतरी लेझर मारला होता. पायलटला दिसेनासं झालं. विमान धावपट्टीवर आपटलं, टायर फुटला, आतल्या एका कर्मचारी मुलीचा हात मोडला.

साक्षीदार एकच होता. घरामागच्या लग्नाच्या लॉनमध्ये लायटिंगचं काम घेणारा धर्मेंद्र.

"काय पाहिलं तुम्ही?" हर्षानं लॉनमध्ये जाऊन विचारलं.

"कवडूच्या हातातून हिरवा लेझर निघून राहिला होता. रजतनं टोकलं. दोघांची जुंपली. मग रजतनं कवडूचं डोकंच फोडलं."

"तुम्ही कुठे होता?"

"इथंच. लायटा टांगून राहिलो होतो."

हर्षानं वर पाहिलं. लोखंडी चौकटीवर रोषणाईची सात यंत्रं होती. सहा क्लॅम्पच्या लोखंडी जबड्यांनी आवळलेली. सातवं तारेनं बांधलेलं, तोंड आभाळाकडे.

कवडूची बायको जयवंता दारात बसली होती. ती रडत नव्हती.

"रजतशी भांडण होतं?"

"सकाळी झालं जी, ट्रक दारात लावला म्हणून. दुपारी आमच्याच घरी चहा पेला त्यानं."

"मग कवडूभाऊ गच्चीवर कशाला गेले होते?"

"मोबाइल घेऊन गेले. म्हणे, आज फिल्म काढतो अन् पोलिसाले दाखवतो."

"कशाची फिल्म?"

"ते नाही सांगितलं." तिनं मान वळवली. "लोक म्हणून राहिले, त्याईनंच विमानावर मारला. तुमाले खरं वाटते का जी?"

हर्षा जीपकडे वळली. गच्चीवर मोबाइल सापडला नव्हता.

जीपमध्ये रजतला बोलायला त्रास होत होता. "धपकन आवाज आला म्हणून वर गेलो. भाऊले मांडीवर घेतलं. श्वास चालू होता, मॅडम. तेवढ्यात खालून कोणीतरी बोंबललं, रजतनं मारलं, रजतनं मारलं. मी उतरलो, तर लोकं अंगावरच आले."

हर्षानं दवाखान्यात असलेल्या त्या विमानाच्या पायलटला, गुंजनला, फोन लावला.

"आधी पूर्ण काच हिरवी झाली, मग निळी," गुंजन म्हणाली. "रुंद पट्टा होता, जरासुद्धा हलत नव्हता. हातात धरलेला लेझर थरथरतो. उजव्या डोळ्यानं मला अजून मधलं काही दिसत नाही. मागे एकशे बेचाळीस माणसं होती."

हर्षा दोन शिपाई घेऊन पुन्हा लॉनमध्ये गेली. तिनं सातव्या यंत्राचं तोंड भिंतीकडे वळवून घेतलं.

"चालू करा, धर्मेंद्र."

"कशाले, मॅडम?"

"करा."

भिंतीवर प्रकाशाचा हिरवा पंखा उघडला. तीन सेकंदांनी तो निळा झाला.

"पायलटला निळा दिसला," हर्षा म्हणाली. "कवडूच्या मुठीतला पॉइंटर निळा फेकतच नाही. तो पॉइंटर तुमच्याच सामानातला आहे. तुमचा लेझर लांबच्या वर्धा रोडवरून गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून तुम्ही आभाळात सोडत होता. कवडूची उमर धावपट्टीवर गेली होती, त्याला धोका कळत होता. आज विमान आपटलं आणि ते त्यानं गच्चीवरून मोबाइलमध्ये टिपलं. तुम्ही हातात होता तो क्लॅम्प घेऊन वर धावलात. कवटीवर त्याच्याच जबड्याचे वळ आहेत, म्हणून हे यंत्र तारेवर लटकलंय. मोबाइल उचलला, पॉइंटर मुठीत कोंबला. मागच्या बाजूनं उतरून लॉनमध्ये आलात, रजत गच्चीवर दिसला, तेव्हा तुम्हीच बोंब मारली. रजतनं चिडून मारलं असतं, तर मोबाइल कशाला पळवला असता?"

धर्मेंद्रनं पाना उचलून तिच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. हर्षानं दुसऱ्या हाताच्या कोपरानं त्याचं नाक फोडलं, आणि शिपायांनी त्याला मातीत दाबलं.

"लाखाचं विमान, करोडचं विमान, मले काय करायचं?" तो रक्त थुंकत ओरडला. "माह्या धंद्यावर उठला होता तो!"

लॉनमधल्या आग विझवायच्या वाळूच्या बादलीत क्लॅम्प आणि मोबाइल सापडले. व्हिडिओत हिरवा पट्टा होता, निळा पट्टा होता, आणि कवडूचा आवाज: "बंद कर, धर्मेंद्र! लोकं आहेत त्यात!"

मनगटाला रुमाल बांधून हर्षा जयवंतासमोर उकिडवी बसली. सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं.

जयवंतानं हात वर केला. रजतला तुडवणारी माणसं गल्लीच्या कडेला माना खाली घालून उभी होती.

"मले नोका सांगू, मॅडम," ती म्हणाली. "मले माहीत होतं. उभ्या राहा, अन् त्या लोकाईले सांगा. जोरात."